जवसाची आरोळी

टक्. आणि जरा ओढलं की पुन्हा उघडं.

मेर्वीच्या अंगठ्याखाली ते हिरवं बकल मिटत होतं आणि पट्ट्याला हलकासा हिसका दिला की आपसूक सुटत होतं — काही न तुटता, काही न मोडता, अगदी शहाण्यासारखं. आणि का सुटू नये, सुटण्यासाठीच तर ते केलेलं होतं. दाराजवळच्या त्या चिंचोळ्या खोलीत, ओल्या बुटांच्या आणि लोकरीच्या वासात, ती कपाटासमोर उकिडवी बसली होती. आली होती नवं हेल्मेट काढायला, काळ्या बकलाचं, डिसेंबरात आणलेलं आणि अजून एकदाही न घातलेलं. पण हात मोज्यांच्या टोपलीमागे गेला आणि त्याला जुनंच लागलं. निळं. त्यावर लेकीने, साइमीने चिकटवलेला कोल्हा, शेपटीकडून सोलवटलेला. वर्षभर ते तिथेच होतं. फेकून देणं तिला जमलं नव्हतं, आणि ठेवलंय हे नवऱ्याला, इलारीला सांगणंही जमलं नव्हतं.

हिरवं म्हणजे सुटणारं. हे इथल्या कुठल्याही आईला विचारा, झोपेतसुद्धा सांगेल. बालवाडीच्या अंगणात मुलं त्या चढायच्या शिड्यांमध्ये डोकं घालतात, हेल्मेट अडकतं, पाय सटकतो, आणि पट्टा घट्ट राहिला तर पोर गळ्याने लटकतं — म्हणून लहानांना हिरवं बकल, ताण आला की उघडणारं. मेर्वीने असल्या एका मुलाची बातमी वाचली होती आणि त्या रात्री उठून दोनदा साइमीच्या पलंगाशी जाऊन आली होती. दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुकानात जाऊन तिने ते निळं हेल्मेट घेतलं, दुकानातल्या मुलीला पुन्हा पुन्हा विचारून, नक्की सुटतं ना, ओढल्यावर सुटतंच ना… ती मुलगी हसली होती. "सुटतं हो, बघा." टक्.

गेल्या वर्षी बर्फावरून गाडीत बसून घसरण्याच्या सणाला, टेकडीवर निघताना, तिने तेच साइमीच्या डोक्यावर चढवलं. हेल्मेट आहे ना, मग झालं. तेव्हा टेकडीवर बरीच मुलं नुसत्या लोकरी टोप्यांत होती. आपलं मूल हेल्मेटात आहे म्हणून तिला थोडा गर्वसुद्धा वाटला होता, हेही तिला आठवतं, आणि बाकी सगळ्यापेक्षा हे जास्त आठवतं.

"आई!" स्वयंपाकघरातून साइमीचा आवाज आला. "माझं… ते कुठंय… ते हाताचं…"

मोजे, मेर्वीच्या ओठांवर आलं. वाचा शिकवणाऱ्या बाईंनी किती वेळा सांगितलं होतं — शब्द तिच्या तोंडात घालू नका, वाट पाहा, तो येतो, फक्त उशिरा येतो. मेर्वी मनातल्या मनात मोजायला लागे आणि मोजता मोजता तिचं लक्ष गेल्या वर्षाकडे जाई. कारण सहा वर्षांची साइमी, गेल्या वर्षीची साइमी, आंघोळ करतानासुद्धा बोलत असे, तोंडात ब्रश असताना बोलत असे, आणि "जरा श्वास घे गं बाई" असं मीच तिला म्हणत असे. मी. माझ्याच तोंडाने.

"मोजे," मेर्वी म्हणाली. "रेडिएटरवर आहेत, वाळत."

पलीकडे गप्प झालं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. आपण पुन्हा घाई केली, हे तिला कळलं आणि तिने निळं हेल्मेट टोपलीमागे ढकलून दिलं.

न्याहारीला इलारीने नेहमीसारखी एक फालतू गंमत केली — लापशीत लोण्याचा गोळा टाकून म्हणाला, बघा, तळ्यात सूर्य बुडाला, आता वाचवायला कोण उडी मारतंय — आणि स्वतःच हसला, आणि कॉफी घ्यायला वळला. साइमी त्या लोण्याकडे बघत राहिली. तो किटली ठेवून परत बसला, पाव कापायला लागला, आणि तेव्हा कुठे ती हसली, खळखळून, एकटीच. हे आता असंच असतं. हसू येतं, पण सगळे पुढे गेल्यावर. इलारीने सुरी थांबवली आणि तिच्याबरोबर पुन्हा एकदा हसला, पहिल्यांदाच हसल्यासारखा. त्याला ते जमतं. मेर्वीला वाटलं, त्याला कसं जमतं, आणि याचा तिला रागही आला.

"आज जायचं," साइमी म्हणाली.

"बघू," मेर्वी म्हणाली.

"तू काल पण बघू. नाताळात पण बघू."

इलारीने बायकोकडे पाहिलं. साइमी बूट शोधायला गेल्यावर तो हळूच म्हणाला, "जाऊ दे तिला, मेर्वी. लहानांच्या खुणेपासून, अर्ध्या उतारावरून. डॉक्टरांनी हो म्हटलंय. मी खाली बर्फावर उभा राहतो."

"डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांग ना मग. अर्धं का सांगतोस?"

डॉक्टर म्हणाले होते, लहान उतार असेल, चांगलं हेल्मेट असेल, बसून जाणार असेल, मोठं माणूस हजर असेल तर हरकत नाही, मुलीचं आयुष्य बंद करून ठेवू नका. आणि मग चष्मा काढून, जरा थांबून म्हणाले होते — डोक्याला दुसरा मार मात्र बसता कामा नये. दोन्ही वाक्यं एकाच भेटीत. पहिलं इलारीने उचललं होतं आणि दुसरं तिच्या वाट्याला आलं होतं, आणि गेले कित्येक आठवडे ते दोघं एकाच पलंगावर आपापलं वाक्य कवटाळून झोपत होते.

साइमीला शाळेत सोडून मेर्वी गावच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात गेली. तिने कबूल केलं होतं. दर वर्षी ती असतेच, वाटाण्याच्या सूपाच्या त्या भल्यामोठ्या पातेल्यापाशी नाहीतर गोड पावांच्या टेबलाशी, आणि यंदा नाही म्हटलं असतं तर सगळ्यांनी "हो हो, साहजिक आहे" म्हटलं असतं. ते साहजिक आहे तिला नको होतं. तुइया आधीच आलेली होती, पीठ लागलेल्या हातांनी मलई फेटत. तुइया म्हणजे एल्सीची आई. एल्सी आणि साइमी बालवाडीपासून एका बाकावर.

"बदामवाले इकडच्या ट्रेमध्ये," तुइया म्हणाली, "मुरांबावाले तिकडे. मिसळू नकोस, बाई. गेल्या खेपेला मंडळाच्या रेइनोच्या हातात मुरांब्याचा गेला तर तो असा बघत राहिला, जसं काही मी त्याच्या गाईवर रंग मारलाय."

"त्याच्याकडे गाय कुठाय?"

"होती गं एक. आता नाही म्हणा."

दोघी हसल्या. पाव मधून कापायचा, वरचं टोपण बाजूला काढायचं, आत बदामाचा लगदा, वर मलई, पुन्हा टोपण. हात हे काम आपलं आपण करत होते आणि मेर्वीला बरं वाटत होतं, जवळजवळ हलकं… टोपणं. एका जागी नीट ओळीत मांडलेली टोपणं. कवटी, असा शब्द मनात आला आणि तिने सुरी खाली ठेवली, हात धुतले, पुन्हा सुरी घेतली.

गेल्या वर्षी बर्फावर ते हेल्मेट कोल्हा वर करून पडलं होतं. साइमीपासून बरंच लांब. पट्टा शाबूत, बकल उघडं. धडक बसून उघडलं की त्याआधीच, घसरगाडी गोल फिरली तेव्हा मफलर ओढला जाऊन — हे कुणालाच सांगता येईना. तिने डॉक्टरांना विचारलं, पोलिसांना विचारलं, इलारीला तर किती वेळा विचारलं. माहीत नाही, सगळे म्हणाले, आणि सगळे खरंच बोलत होते. काळं बकल असतं तर? तरी काही सांगता येत नाही. तरी काही सांगता येत नाही! या पाच शब्दांवर ती वर्षभर जगत होती. शिड्यांवर लटकून मरू नये म्हणून मी तिला ते घेतलं आणि… पुढचा शब्द कधीच येत नसे. तिलाही.

"वाचली बघ पोर," तुइया म्हणाली. मेर्वीचा चेहरा बघून म्हणाली असेल. "मी तर रोज देवाला म्हणते. वाचली हेच केवढं."

"हो," मेर्वी म्हणाली.

काय म्हणणार? हेच केवढं, हे तिला ठाऊक नव्हतं का? कोमात गेलेल्या मुलीच्या उशाशी बसून तिने स्वतः हेच मागितलं होतं, बाकी काही नको, फक्त वाच. आणि ती वाचली. डोळे उघडले, पाणी मागितलं, चालायला लागली, डावा पाय जरा ओढत; शाळेत गेली. मग हे दुःख कुणाचं? कुणी गेलं असतं तर लोक फुलं घेऊन आले असते, चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती, वर्षाने पुन्हा लावली असती. पण ती जी होती — श्वास न घेता बोलणारी, गंमत पुरी व्हायच्या आधी हसणारी, रात्री दिवा घालवल्यावर "आई, अजून एकच सांगते" म्हणणारी — तिच्यासाठी रडायची सोयच नव्हती, कारण ती तर समोर बसून लापशी खात होती. तिच्याच डोळ्यांनी बघत होती. तिचे रंगीत खडू वापरत होती. ही गोष्ट मेर्वी कुणाजवळ बोलली नव्हती. असं वाटणारी आई असते का कुठे… आणि ही जी आहे तिला हे कळलं तर? मुलांना कळतं.

"तू टेकडीवर येणार ना?" तुइयाने विचारलं. "नाही आलीस तरी कुणी काही म्हणायचं नाही हं."

"येणार आहे."

"आणि साइमी?"

"बघू."

"आम्ही सगळं नीट केलंय यंदा," तुइया घाईघाईने म्हणाली. "रेइनोने तळ्यातल्या होड्यांच्या धक्क्याचे ते खांब कापले, बर्फाच्या बरोबरीने, स्वतःच्या करवतीने, कुणाला हात लावू दिला नाही. झाडांना शाळेच्या जुन्या गाद्या बांधल्यात. खाली गवताचे भारे. पाणी ओतलं नाही. आणि आम्ही ठरवलंय की…" ती थांबली. मलईचा चमचा भांड्याच्या कडेला आपटून तिने तो उगाचच पुसला. "काही नाही. बघशीलच तू."

पाणी ओतलं नाही, म्हणजे पहिल्यांदाच. दर सालचं ते ठरलेलं होतं: सणाच्या आदल्या संध्याकाळी गावातले पुरुष तळ्याला भोक पाडून बादल्यांनी पाणी उपसायचे आणि बंद पडलेल्या शाळेमागच्या उतारावर ओतायचे, रात्रीतून त्याची काच व्हायची. कारण जितकं लांब घसराल तितकं उन्हाळ्यात जवस उंच वाढतं. गावात जवस पेरून कोण जाणे किती पिढ्या झाल्या, मेर्वीच्या आजीच्या लहानपणीच ते संपत आलं होतं, पण घसरताना आरोळी तीच, "लांब जवस! लांब जवस!", आणि हौस तीच, की यंदा माझी गाडी सगळ्यांच्या पुढे. गेल्या वर्षी थंडी कडक होती, पुरुषांना जोर चढला होता, रेइनो तर म्हणे बारा वर्षांच्या पोरासारखा बादल्या ओतत होता. एवढा गुळगुळीत उतार कधी झालाच नव्हता. डाव्या अंगाला धक्क्याचे खांब बर्फातून वर आलेले असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिथवर गाडी कधी पोचतच नाही हेही सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी साइमीची पोचली.

आरोळी देण्यात मेर्वीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आजीकडून आलेला गळा. मेर्वी ओरडली की पलीकडच्या काठावरची कुत्री उठतात, असं गाव म्हणायचं. त्या दिवशी साइमीची गाडी सुटली आणि मेर्वीने मान मागे टाकली, डोळे मिटले — असं ओरडायचं तर डोळे मिटतातच — आणि सगळा श्वास त्यात घातला. ल्लांऽऽब जवऽऽस! किती वेळ? आरोळीला लागतो तेवढाच. डोळे उघडले तेव्हा गाडी उलट्या दिशेला फिरलेली होती, साइमीची पाठ खाली तळ्याकडे आणि तोंड वर आईकडे, आणि ती हसत होती. आरोळी पुरी व्हायच्या आधीच हसत होती.

*

तीन वाजता त्या साइमीला घेऊन टेकडीवर आल्या — आल्या म्हणजे मेर्वी आणि तिच्या हातातली ती काळ्या बकलाच्या हेल्मेटची पिशवी. साइमी पुढे, एल्सीचा हात धरून, लाल प्लॅस्टिकची गाडी मागे फरफटत. ऊन तिरपं झालं होतं. बर्चच्या बुंध्यांना खरंच गाद्या बांधल्या होत्या, शाळेतल्या झोपायच्या खोलीतल्या, फिकट फुलाफुलांच्या. त्यांतल्या एखादीवर मेर्वी स्वतः लहानपणी दुपारी पडून राहिली असेल. उताराच्या कडेने लाल दोरी, वर चढणाऱ्यांसाठी. उताराच्या मध्यावर लहानांचं निशाण. आणि वर, डोक्यावर कानटोपी, हातात शिट्टी, रेइनो — गावच्या मंडळाचा अध्यक्ष, आयुष्यभर दुधाचा टँकर चालवून आता म्हातारा झालेला, गेल्या वर्षी बादल्या ओतणारा.

"बूड खाली, पाय पुढं!" तो खेकसत होता. "पोटावर पडून जाणाऱ्याला सूप मिळणार नाही, नुसती त्यावरची मोहरीची चटणी चाटायची! तू, हिरव्या जाकिटवाल्या, हेल्मेट कुठाय? त्या पेटीतलं घे. डोक्यावर, डोक्यावर घालायचं ते, हातात नाही! आणि चढायचं दोरीपलीकडून. खालची पोर बाजूला झाल्याशिवाय वरची सुटणार नाही. थांब म्हटलं ना!"

मेर्वीला बघून त्याने शिट्टी तोंडातून काढली. वर्षभरात तो तिच्याशी त्याबद्दल एक अक्षर बोलला नव्हता. शरद ऋतूत एकदा दाराशी बटाट्यांचं पोतं ठेवून गेला, एकदा जिना झाडून गेला. आताही त्याने फक्त मान हलवली आणि साइमीसमोर गुडघे टेकून तिचं हेल्मेट स्वतः डोक्यावर बसवून पाहिलं, डावीकडे-उजवीकडे हलवून.

काहीतरी चुकत होतं. टेकडीवर येताक्षणी तिला ते जाणवलं होतं, फक्त नाव सापडत नव्हतं — साइमीसारखंच, जिभेवर असूनही न येणारं. गाड्या खाली जात होत्या, प्लॅस्टिक बर्फावर खरवडत होतं, बूट करकरत होते, रेइनोची शिट्टी. मुलं सुटत होती आणि पोचत होती. तोंडं उघडी, डोळे चमकणारे. आणि मग एक छोटी मुलगी निशाणापासून सुटली आणि तिच्या तोंडून "लांऽ…" एवढं निसटलं; आणि वरून तिच्या आईने "शूऽ" केलं आणि चटकन मेर्वीकडे बघून नजर फिरवली.

कुणी ओरडत नव्हतं. अख्खी टेकडी मुकाट घसरत होती.

"रेइनो," मेर्वी म्हणाली, "मुलं ओरडत का नाहीयेत?"

त्याने कानटोपी आणखी खाली ओढली. "आजच्या दिवशी गप्प बसायचं असतं ना. म्हणजे उन्हाळ्यात डास चावत नाहीत."

"ते सॉनात, वाफेच्या न्हाणीत, रेइनो. टेकडीवर नाही."

"हो," तो म्हणाला. "सॉनात." त्याने शिट्टी हातात फिरवली. "आम्ही म्हटलं, यंदा नको. तुला… आम्ही सगळ्यांनीच म्हटलं. पोरांना सांगितलं घरोघर."

तिला धन्यवाद म्हणायचं होतं. घशाशी जे आलं ते धन्यवाद नव्हतं. एवढी सगळी माणसं, एवढ्या गाद्या, एवढे भारे, आणि वर ही शांतता, तिच्यासाठी अंथरलेली. आणि या शांततेत तिला काय ऐकू येत होतं ते यांना कसं सांगायचं? हिच्यात फक्त तीच एक आरोळी ऐकू येते रे, माझी. बाकी कुणी ओरडलं असतं तर ती त्यात बुडून तरी गेली असती. त्यांनी बिचाऱ्यांनी चांगल्यासाठी केलं होतं. तिनेही ते बकल चांगल्यासाठीच घेतलं होतं. तिला एकदम रेइनोची कीव आली, आणि त्या पाठोपाठ, फार दिवसांनी, थोडी स्वतःचीही.

खाली तळ्यावर इलारी उभा होता, भाऱ्यांच्या पुढे, दोन्ही हात पसरून, जणू अख्खं तळं अडवणार आहे. त्याने हात हलवला.

"आता मी," साइमी म्हणाली. ती निशाणापाशी जाऊन गाडीत बसलेली होती. पाय पुढं.

मेर्वी उतारावर गुडघ्यांवर बसली. पट्टा हनुवटीखाली घेतला, काळं बकल — टक् — आणि ओढून पाहिलं. सुटलं नाही. पुन्हा ओढलं. साइमीचं डोकं हललं. "आई," ती म्हणाली. अजूनही बोटं पट्ट्यावरून निघेनात. नाही म्हणता येईल, अजूनही येईल. पाय दुखतोय, दमलीस, पुढच्या वर्षी… कुणी काही म्हणणार नाही.

"आई, तू… ते कर ना."

"काय? ढकलू? गाडी धरू?"

"नाही. ते." साइमीच्या भुवया जवळ आल्या. "ते… तुझं…"

मेर्वीने तोंड उघडलं आणि मिटलं. वरून रेइनो बघत होता, तुइया बघत होती, रांगेतली मुलं पाय आपटत होती. ती मोजायला लागली आणि मोजणंही सोडून दिलं. तिच्या मुलीच्या डोळ्यांत काहीतरी चाललं होतं, दूरवरून काहीतरी येत होतं, अवघड वाटेने, एकेक पाऊल. आणि मेर्वी ते येताना बघत राहिली.

"लांब," साइमी म्हणाली. "तू ओरडलीस. मी जात होते आणि तू… ओरडलीस. लांब जवस." मग अगदी खात्री करून घेत, "मला आठवतं ते."

तो दिवस परत येणार नाही, डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसाचं काही राहिलेलं नाही, आणि तेच बरं आहे. मेर्वीलाही वाटलं होतं, तेच बरं. आणि तिच्याजवळ नेमकं एवढंच उरलं होतं — खांब नाही, बर्फ नाही, बकल नाही. आईची आरोळी. आणि ती सांगताना हिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती.

"मी खूप लांब गेले होते. ना?"

"हो," मेर्वी म्हणाली. "सगळ्यांत लांब."

"कुणापेक्षा पण?"

"कुणापेक्षा पण."

तिने बोटं काढली. कशी काढली ते तिचं तिलाच कळलं नाही. मोज्यात ती नंतरही तशीच आखडलेली राहिली. रेइनोची शिट्टी वाजली, साइमीने टाचेने जोर दिला — उजव्या, डाव्याला ते जमत नाही — आणि लाल गाडी सुटली. फार वेगात नाही. पाण्याविना उतार जडच होता. मेर्वी जागची हलली नाही, आणि मान मागे न टाकता, डोळे उघडे ठेवून, सताड उघडे, पापणीसुद्धा न लववता, तिने आरोळी दिली.

जुनी आरोळी ती नव्हती. मधेच चिरकली, "जवस"चा "स" कुठे गेला कुणास ठाऊक. पलीकडच्या काठावरचं एकही कुत्रं उठलं नसेल. मागे कुणीतरी हुंदका गिळला, बहुतेक तुइयाने. आणि मेर्वी बघत होती — गाडी गादीच्या झाडाला मागे टाकत गेली, सपाटीला लागली, तळ्यावर आली. कापलेल्या खांबांच्या गोल खुणा बर्फात दिसत होत्या, लाकडाच्या पिवळट, त्यांच्या खूप अलीकडे ती संथ झाली, इलारीच्याही अलीकडे, आणि थांबली. काही लांब नाही गेली. मुठीएवढं जवस उगवेल, एवढंच.

साइमी गाडीत तशीच बसून होती. पाठमोरी. इलारी पुढे झाला नाही, हात पसरून जागीच उभा राहिला. वर रेइनोने शिट्टी ओठांशी नेऊन तशीच धरलेली. तिचं हेल्मेट जरा खाली झुकलेलं होतं, ती आपल्या पायांकडे बघत असावी, किंवा बर्फाकडे, किंवा तिच्यापर्यंत नुकत्याच पोचलेल्या आवाजाकडे.

एरवी याच क्षणी मेर्वीने हाक मारली असती. बरी आहेस ना? लागलं नाही ना? शब्द तयार होते. तिने ते तसेच राहू दिले. हसू यायचं असेल तर ते आता निघालं असेल, आत कुठेतरी, त्या अवघड वाटेने. त्याला वेळ लागतो. गुडघ्यांतून गारठा वर चढत होता आणि तिच्या गालांवरून काहीतरी ऊन ऊन ओघळत होतं आणि तिने ते पुसलं नाही. आरोळी पुरी व्हायच्या आधीच हसणारी ती पोर आता येणार नव्हती. तिच्यासाठी मेर्वी घरी जाऊन रडणार होती, आज, दार न लावता. पण इथे, या उतारावर, ती वाट पाहत होती — आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला नीट ठाऊक होतं, कुणाची.